यंत्र, पाणी आणि रक्त : वऱ्हाडातून पाहिलेला मूत्रपिंडविकाराचा इतिहास

१/ अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक चांदूर बाजार, दुसरे चांदूर रेल्वे. पहिल्याला बाजाराने ओळख दिली, दुसऱ्याला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने. हा लोहमार्ग १८६७मध्ये नागपूरला पोहोचला आणि बडनेरा ते वर्धा या टप्प्यातील चांदूरच्या नावात 'रेल्वे' कायमची सामील झाली. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात नेणे हा या मार्गाचा मूळ हेतू. आज उपचारांसाठी शहरांकडे निघालेले रुग्णही याच मार्गाने जातात.

२/ त्या रुग्णांपैकी एका वर्गाचा हा इतिहास आहे. ज्यांची मूत्रपिंडे वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होत जातात आणि त्याबरोबर ज्यांचे रक्तही कमी होत जाते, ती माणसे जगतात कशी आणि काम करतात कशी? प्रश्न वैद्यकाचा वाटतो, पण तो तितकाच इतिहासाचा आहे. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाल्यावर वर्षानुवर्षे जगणे ही गोष्ट १९६०पूर्वी कोणत्याही देशात, कोणत्याही राजाला शक्य झालेली नव्हती.

३/ आरंभ पाण्यापासून करावा लागेल. तापीची उपनदी असलेली पूर्णा सातपुड्याच्या पायथ्याशी समांतर वाहते. तिच्या दोन्ही तीरांवर खोल गाळाचा पट्टा पसरला आहे. अमरावतीतील दर्यापूर, भातकुली, अंजनगाव. अकोल्यातील अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर. बुलढाण्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद असे तालुके त्यात येतात. हाच खारपाणपट्टा. सुमारे नऊशे गावे या पट्ट्यात मोजली जातात. येथे विहीर खोदली की पाणी लागते, पण ते घशाखाली उतरत नाही.

४/ हा खारटपणा आजचा नाही. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींची आणि त्यांच्या पाण्यापासून मीठ काढण्याच्या धंद्याची नोंद आहे. अकोल्याजवळचा दहीहांडा परिसर त्यासाठी ओळखला जाई. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांत विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार होत होते, ही एक गोष्ट भूगर्भातील क्षारांची कल्पना देण्यास पुरेशी आहे. काळी कसदार जमीन, उत्तम कापूस आणि पिण्यास अयोग्य पाणी हे तिन्ही या प्रदेशाला एकाच गाळाने दिले.

५/ गोड पाणी बाहेरून आणावे लागले. वान नदीवरील धरणातून अकोट-तेल्हारा भागासाठी '८४ खेडी योजना' आली, शहानूर धरणाचे पाणी अंजनगाव-दर्यापूरकडे वळवले गेले. योजनांची नावेच गावांच्या संख्येवरून पडावीत, यातून तहानेचा विस्तार कळतो. जेथे नळ पोहोचला नाही किंवा पोहोचूनही आठवडेच्या आठवडे कोरडा राहिला, तेथे पुन्हा विहीर, हातपंप किंवा विकतचा कॅन.

६/ या पट्ट्यातील गावांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या वर्षानुवर्षे मराठी वृत्तपत्रांत येत आहेत, आणि ग्रामस्थ त्याचा दोष पाण्याला देतात. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. क्षारयुक्त पाणी, मधुमेह, उच्च रक्तदाब, मुतखडा, सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, उन्हातील कष्टांमुळे शरीरातील पाणी कमी होणे, यांपैकी कोणाचा वाटा किती हे एका वाक्यात सांगता येत नाही. आंध्र प्रदेशातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि मध्य अमेरिकेतील उसाचे मळे येथेही शेतकरी-मजुरांमध्ये असाच विकार आढळला, आणि तेथील वादही पूर्ण मिटलेला नाही. निश्चित इतके की हा आजार जगभर शेतात राबणाऱ्या माणसाला विशेषत्वाने गाठताना दिसला.

७/ चांदूर रेल्वे या पट्ट्याच्या बाहेर, वर्धा नदीच्या बाजूला आहे. तेथे मूत्रपिंडविकाराची कारणे बहुतांशी तीच, जी भारतात सर्वत्र दिसतात : मधुमेह आणि रक्तदाब. पण दर्यापूरचा रुग्ण असो की चांदूरचा, पुढचा रस्ता एकच. तो अमरावतीला जातो. म्हणून या दोन्ही रुग्णांचा इतिहास एकत्र वाचावा लागतो.

८/ आता रक्ताकडे. चेहऱ्यावर फिकट पिवळसरपणा, धाप, थकवा ही लक्षणे भारतीय वैद्यकाला 'पांडुरोग' म्हणून फार पूर्वीपासून ठाऊक होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि लोहयुक्त मंडुराचा उपयोगही परंपरेत रुजलेला आहे. मूत्रपिंड आणि फिकटपणा यांची जोडी युरोपात एकोणिसाव्या शतकात जुळली. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७मध्ये सूज, लघवीतील प्रथिने आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवला. एडिंबरोचे रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८३९मध्ये अशा रुग्णांचे रक्त पातळ होत जाते हे नोंदवले.

९/ पण का? मूत्रपिंडाचे काम गाळण्याचे, रक्त बनवण्याचे काम हाडांतील मज्जेचे. दोघांचा संबंध काय? १९०६मध्ये पॅरिसच्या कार्नो आणि डेफ्लांद्र यांनी सशांवरील प्रयोगांनंतर तर्क मांडला की, रक्त कमी झाल्यावर शरीरात एक द्रव्य तयार होते आणि ते मज्जेला कामाला लावते. ते द्रव्य कोठून येते, याचे उत्तर १९५७मध्ये शिकागोत मिळाले. लिऑन जेकबसन, युजीन गोल्डवॉसर आणि सहकाऱ्यांनी उंदरांचे एकेक अवयव काढून पाहिले. मूत्रपिंडे काढली की ते द्रव्य तयार होईना. त्याचे नाव एरिथ्रोपोएटिन.

१०/ म्हणजे मूत्रपिंड केवळ गाळणी नाही. रक्तातील प्राणवायू कमी झाला की ते ओळखते आणि मज्जेकडे निरोप धाडते. मूत्रपिंड निकामी झाले की निरोप धाडणाराच उरत नाही. रुग्णाने कितीही गूळ, पालक, लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तरी मज्जा अर्धवट झोपलेली राहते. या आजारातील रक्तक्षयाचे वेगळेपण येथे आहे.

११/ रक्तक्षयाचे प्रकार अनेक असतात, हे उमगण्यात मुंबईचाही वाटा आहे. लूसी विल्स ही ब्रिटिश संशोधक १९२८मध्ये मुंबईत आली आणि कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. मार्माइट या स्वस्त यीस्ट-अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. गिरणीतल्या बाईचे रक्त एका चमचाभर अर्काने परतले. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र आणखी साठ वर्षे थांबावे लागणार होते.

१२/ आधी जगवणारे यंत्र आले. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन या छोट्या गावच्या रुग्णालयात विलेम कोल्फ यांनी १९४३मध्ये पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड बनवले. लाकडी पट्ट्यांचे फिरते पिंप, त्याभोवती सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी, खाली मिठाच्या पाण्याची टाकी. रक्त नळीतून फिरे आणि विषारी द्रव्ये पाण्यात उतरत. १९४५मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री त्याच्या साहाय्याने वाचली. ती त्यांची सतरावी रुग्ण होती.

१३/ पण कोल्फ यांचे यंत्र तात्पुरत्या बिघाडासाठी होते. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि काही फेऱ्यांनंतर शरीरावर जागाच उरत नसे. १९६०मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली. ९ मार्च १९६० रोजी ती बसवलेला पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स हा बोइंग कंपनीतील यंत्रकारागीर होता. तो त्यानंतर अकरा वर्षे जगला. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारासह जगण्याचा इतिहास त्या दिवशी सुरू झाला, आणि त्याचा पहिला नायक एक कामगार होता.

१४/ पाठोपाठ एक अप्रिय प्रश्न आला. यंत्रे थोडी, रुग्ण फार. जगवायचे कोणाला? सिएटलमध्ये १९६२च्या सुमारास सात सामान्य नागरिकांची समिती हा निर्णय करू लागली. वय, कुटुंब, उत्पन्न, चर्चशी असलेले नाते आणि रुग्ण पुन्हा कामाला लागेल का, हे सारे तोलले जाई. लाइफ मासिकातील लेखाने हा प्रकार जगासमोर आला आणि लोकांनी तिला 'देवांची समिती' म्हटले. 'तू काम करू शकशील का?' हा प्रश्न या आजाराच्या इतिहासात अगदी सुरुवातीपासून जगण्या-मरण्याशी बांधला गेला. १९७२मध्ये अमेरिकेने कायदा करून डायलिसिसचा खर्च सरकारकडे घेतला आणि ती समिती निरर्थक झाली.

१५/ भारतात या आजाराला पहिल्यांदा राष्ट्रीय चेहरा मिळाला तो आणीबाणीत. २६ जून १९७५च्या पहाटे जयप्रकाश नारायण यांना दिल्लीत अटक झाली. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ते स्थानबद्ध होते. नोव्हेंबरात प्रकृती ढासळल्यावर त्यांना सोडण्यात आले आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. निदान झाले : मूत्रपिंडे निकामी. वय ७३. डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले. हेच जसलोक १९७३मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते सुरू झाले होते, हा इतिहासाचा एक विचित्र योगायोग.

१६/ जे.पी. सेवाग्राम-पवनारच्या परंपरेतले. चांदूरहून पुढे गेलेली तीच रेल्वे ज्या वर्ध्याला पोहोचते, तेथे त्यांची वर्षानुवर्षे ये-जा होती. पण आता त्यांच्या हालचालीला एक दोरी बांधली गेली : यंत्रापासून दोन-तीन दिवसांहून अधिक दूर राहता येत नव्हते. घरी वापरता येईल असे यंत्र घेण्यासाठी लोकवर्गणी गोळा झाली. पंतप्रधानांच्या मदतनिधीतून ९० हजार रुपये देऊ करण्यात आले, ते जे.पीं.नी नाकारले. यंत्र पाटण्याच्या कदमकुआँतील घरी बसले.

१७/ पुढे जे घडले ते 'आजारी माणूस काम करू शकतो का' या प्रश्नाला दिलेले भारतीय उत्तर मानता येईल. जानेवारी १९७७मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. विखुरलेल्या विरोधी पक्षांना एका छत्राखाली आणून जनता पक्ष उभा करण्यामागे डायलिसिसवर असलेला हा वृद्ध होता. फेब्रुवारीत रामलीला मैदानावर तो बोलला, मार्चमध्ये सत्ता बदलली आणि नव्या खासदारांना त्याने राजघाटावर शपथ दिली. त्या काळातील त्यांच्या प्रत्येक दौऱ्यामागे यंत्राचे वेळापत्रक होते. मे १९७७मध्ये उपचारांसाठी ते स्क्रिब्नर यांच्या सिएटलला जाऊन आले.

१८/ तरी आजाराने त्यांना सोडले नाही. मार्च १९७९मध्ये जसलोकमध्ये ते अत्यवस्थ असताना पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची वार्ता दिली. ती चुकीची निघाली. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहण्याचा प्रसंग संसदेत क्वचितच आला असेल. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात जे.पी. गेले. डायलिसिसने त्यांना जवळजवळ चार वर्षे दिली होती, आणि त्या चार वर्षांत देशाचे राजकारण बदलले.

१९/ जे.पीं.च्या कथेत लोकवर्गणी होती, मुंबई होती, निष्णात वैद्य होते. त्याच दशकात डायलिसिसची सोय देशातील मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांपुरती मर्यादित होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१मध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले होते, पण वऱ्हाडातील शेतमजुराला वेल्लोर आणि सिएटल सारखेच दूर होते. भारतात निवड करणारी समिती कोणी नेमली नाही. ते काम अंतराने आणि पैशाने केले.

२०/ शिवाय यंत्राने अर्धाच प्रश्न सोडवला होता. ते विष गाळत असे, पण मज्जेला निरोप देत नसे. डायलिसिसवरील रुग्ण जगत, पण फिकट, धापा टाकत, जिना चढताना थांबत. उपाय एकच : बाटलीतून रक्त चढवणे. त्यातून काविळीचा संसर्ग होई, शरीरात लोहाचा साठा वाढे आणि पुढे प्रत्यारोपण केल्यास शरीर नवे मूत्रपिंड नाकारण्याचा धोकाही वाढे.

२१/ आता १९७७कडे पुन्हा या. भारतात सत्तांतर झाले त्याच वर्षी गोल्डवॉसर यांनी एरिथ्रोपोएटिन शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. वीस वर्षांचा हा शोध शेवटी एका जपानी वैद्याने तडीस नेला. ताकाजी मियाके यांनी कुमामोतोतील विशिष्ट रक्तविकाराच्या रुग्णांची २,५५० लिटर लघवी गोळा केली, वाळवून तिचा अर्क केला आणि तो शिकागोला नेला. त्या एवढ्या ढिगातून हाती लागले ते केवळ काही मिलिग्रॅम द्रव्य.

२२/ त्यावरून फू-कुएन लिन यांनी १९८३मध्ये त्याचे जनुक शोधले आणि औषध कारखान्यात बनवता येऊ लागले. १९८५-८६मध्ये ते प्रथम ज्यांना दिले गेले त्यांत सिएटलचे रुग्ण होते. जोसेफ एशबाख आणि सहकाऱ्यांनी जानेवारी १९८७मध्ये २५ रुग्णांची हकिकत छापली : रक्त वाढले, ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागे त्यांची ती गरज संपली, भूक आणि उत्साह परतला. १९८९मध्ये अमेरिकेत या इंजेक्शनला मान्यता मिळाली. यंत्राने दिलेल्या आयुष्यात आता काम करण्याचे बळ येऊ लागले.

२३/ या औषधाची एक काळी बाजूही आहे. निरोगी सायकलपटूंनी दम वाढवण्यासाठी ते चोरून टोचून घेतले आणि १९९८च्या तूर द फ्रान्समध्ये मोठे प्रकरण उघडकीस आले. रुग्णांच्या बाबतीतही मोह आवरावा लागला. हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके चढवले तर हृदयाचे आणि मेंदूचे धोके वाढतात, असे २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी सुचवले. तेव्हापासून वैद्य साधारण १० ते ११.५च्या आसपास समाधान मानतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला 'रक्त अजून का वाढवत नाही?' या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात आहे.

२४/ भारतात हे इंजेक्शन आरंभी आयात होई आणि फार महाग होते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस देशी कंपन्या ते बनवू लागल्या. पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, याच्या शोधासाठी २०१९चे नोबेल दिले गेले. त्यांतील पीटर रॅटक्लिफ मूळचे मूत्रपिंडतज्ज्ञ. त्या ज्ञानावर आधारित गोळ्याही आल्या. मार्च २०२२मध्ये भारतात मान्यता मिळालेली डेसिडुस्टॅट अहमदाबादच्या झायडसने विकसित केली आहे. शीतपेटीत सांभाळावे लागणारे इंजेक्शन आणि खिशात मावणारी गोळी यांतला फरक शहरात किरकोळ वाटेल, खेड्यात तो मोठा आहे.

२५/ आता पुन्हा वऱ्हाड. येथे 'काम' म्हणजे बहुतेकांसाठी शेत. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. कमरेला ओटी बांधून, वाकून, दिवसभर उन्हात चालत वेचायचे. हिमोग्लोबिन आठवर आले की तोच माणूस तेवढ्याच तासांत कमी किलो वेचतो. रक्तक्षयाची वैद्यकीय व्याख्या प्रयोगशाळेच्या कागदावर असते. मजुराच्या घरात तो वजनकाट्यावर दिसतो.

२६/ आहाराचे नियमही याच भूमीवर येऊन आदळतात. अमरावती जिल्ह्याची शान म्हणजे वरूड-मोर्शीची संत्री. डायलिसिसच्या रुग्णाला पोटॅशियममुळे तीच जपून खावी लागतात. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात पाणी मात्र मोजून प्यायचे, कारण प्यालेले पाणी बाहेर टाकणारा अवयवच थकलेला असतो. खारपाणपट्ट्यातील रुग्णाची अवस्था तर उपरोधिक : आयुष्यभर गोड पाण्याची वाट पाहिली, आणि नळ आला तेव्हा वैद्याने घोट मोजायला सांगितले.

२७/ यंत्रालाही तहान असते, ती मोठी असते. डायलिसिसमध्ये मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. चार तासांच्या एका फेरीला १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. ते शुद्ध नसेल तर काय होते, हे १९७०च्या दशकात कळले. पाण्यातील ॲल्युमिनियम रुग्णांच्या शरीरात साठले, त्यांच्या मेंदूवर आणि हाडांवर परिणाम झाला आणि रक्तक्षय आणखी बळावला. म्हणून खाऱ्या पाण्याच्या प्रदेशात डायलिसिस केंद्र उघडणे म्हणजे केवळ यंत्र आणणे नसते. आधी पाणी शुद्ध करणारी यंत्रणा, अखंड वीज आणि ती सांभाळणारा तंत्रज्ञ लागतो.

२८/ उरले अंतर. चांदूर रेल्वेपासून अमरावती सुमारे ३० किलोमीटर. आठवड्यातून तीन फेऱ्या धरल्या तर वर्षाला १५६. जाण्यायेण्याचे मिळून नऊ हजारांहून अधिक किलोमीटर, आणि तेही बहुधा सोबतीला एक माणूस घेऊन. चार तास यंत्रावर, उरलेला दिवस प्रवासात आणि थकव्यात. आठवड्यातले तीन रोज गेले, सोबत्याचेही गेले. भारतात अनेक रुग्ण तीनऐवजी दोनच फेऱ्यांवर भागवतात, त्यामागचे कारण या हिशोबात आहे. डायलिसिस वा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात मोठी सवलत देते. कापसासाठी आलेली रेल्वे चांदूरच्या रुग्णाच्या अशी कामी येते.

२९/ उपचाराइतकाच मुक्काम महत्त्वाचा असतो, हे वऱ्हाडातील एका माणसाने फार पूर्वी ओळखले होते. अंजनगावजवळच्या शेंडगावात १८७६मध्ये जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यात गुरे राखत वाढलेले गाडगेबाबा. मुंबईत त्यांनी मोठ्या रुग्णालयांजवळ बाहेरगावच्या रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारल्या. औषध देणारी इमारत सरकार बांधेल, पण खेड्यातून आलेला माणूस रात्री झोपणार कोठे, हा त्यांचा प्रश्न होता. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर त्यांचे प्राण गेले.

३०/ शासनाला हा हिशोब उशिरा कळला, पण कळला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. तीच पुढे महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाली आणि तिच्यात डायलिसिसचा समावेश आहे. २०१६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला लोक 'सुपर' म्हणतात, अलीकडच्या वर्षांत मूत्रपिंड प्रत्यारोपणेही होऊ लागली. एकेकाळी यासाठी मुंबई, नागपूर किंवा वेल्लोर गाठावे लागे.

३१/ कामाचा प्रश्न मात्र कायद्याने अजून नीट पाहिलेला नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. रक्ताचे तीन विकार, म्हणजे थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल, त्यांत आहेत. मूत्रपिंड निकामी होणे त्यांत नाही. आठवड्यातले तीन दिवस यंत्राला देणाऱ्या माणसाच्या नोकरीला, रजेला, मजुरीला त्या यादीचा आधार मिळत नाही. बाहेरून तो धडधाकट दिसतो, हेच त्याच्या विरोधात जाते.

३२/ हा सारा पट एकत्र पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. या आजारात 'जगणे' आणि 'काम करणे' हे दोन वेगळे शोध होते. पहिला १९६०चा, दुसरा १९८०च्या दशकाच्या अखेरीचा. प्रयोगशाळेने दोन्ही पूर्ण केले. ते चांदूरच्या किंवा दर्यापूरच्या माणसापर्यंत नेणे ही तिसरी गोष्ट आहे, आणि ती पाणी, वीज, बस, रोज आणि कायदा यांच्या हाती आहे. शील्ड्स बोइंगमधला कामगार होता, जे.पी. लोकनेते होते. दोघांना यंत्र मिळाले म्हणून ते इतिहासात आले. ज्यांच्यापर्यंत ते वेळेत पोहोचले नाही त्यांची नावे वऱ्हाडातल्या घराघरांत आहेत.

३३/ जाता जाता, या इतिहासातून हाती घेण्यासारखी एक साधी गोष्ट. मूत्रपिंड फार उशिरा तक्रार करते, पण रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन या तीन स्वस्त तपासण्या त्याआधी बोलतात. घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचे कोणी असेल, कोणी मनाने वेदनाशामक गोळ्या घेत असेल, कोणी विनाकारण फिकट दिसत असेल आणि धाप लागत असेल, तर हे तीन आकडे विचारा. ब्राइट यांनी १८२७मध्ये चमच्यात लघवी तापवून जे पाहिले, ते आज तालुक्याच्या रुग्णालयात एका पट्टीवर दिसते.

(धागा समाप्त. वऱ्हाडातील मित्रमैत्रिणींपर्यंत अवश्य पोहोचवा.)